सभा संपल्यानंतरच्या महिन्यांबद्दल : पाळकांना आणि वडीलजनांना खुले पत्र

प्रति,
मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि सुटकेची सेवा करणारे सर्व सेवक यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

सभेच्या शेवटी कोणीतरी पुढे येते. झोप उडालेली असते, प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत, कित्येक महिने मनावर काळोख बसलेला असतो. चार-सहा जण भोवती जमतात, डोक्यावर हात ठेवतात, मोठ्याने प्रार्थना होते, दुरात्म्याला धमकावले जाते आणि अर्ध्या-पाऊण तासाने 'सुटका झाली' असे जाहीर होते. दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीकडे कोणी फिरकत नाही. तिसऱ्या आठवड्यात तेच विचार परत येतात आणि त्यांच्या जोडीला एक नवा येतो : सगळ्यांची सुटका होते, माझी झाली नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. धीर करून ती व्यक्ती पुन्हा तुमच्याकडे आली, तर "विश्वास कमी पडला असेल", "काहीतरी पाप लपवले असेल" एवढे ऐकून परत जाते. मग ती येणेच सोडते.

ही रीत आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र. आम्ही तुमच्याच मंडळ्यांतले प्रार्थनासेवक आहोत. घरभेटी करणारे, रात्री-अपरात्री फोन घेणारे, सभा आटोपून मंडप रिकामा झाल्यावर उरलेल्या माणसांजवळ बसणारे. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनीही ते वाचावे. तुमच्या तोंडून जे ऐकले तेच पवित्र शास्त्र सांगते, असे त्यांनी धरून चालले आहे. शास्त्र तसे सांगत नाही.

आधी शब्द नेमका करू. एखादा वाईट दिवस किंवा एखादा नकोसा विचार म्हणजे आत्मिक हल्ल्याचा काळ नव्हे. आम्ही ज्याबद्दल लिहितो आहोत तो काळ आठवडे, कधी महिने चालतो आणि त्यात बऱ्याच गोष्टी एकदम येतात. प्रार्थना कोरडी पडते. कबूल करून क्षमा मिळालेली जुनी पापे रोज नव्याने समोर उभी केली जातात. प्रभुभोजनाच्या वेळी किंवा वचन वाचताना मनात घाणेरडी, देवनिंदेची चित्रे येतात. सुटलेली सवय पुन्हा ओढू लागते. ज्यांच्याशी चांगले जमत होते त्यांच्याशी त्याच दिवसांत खटके उडतात. या सगळ्याच्या तळाशी एक आवाज सारखा घुमत असतो : मंडळीत जाऊ नकोस, तुझे तिथे काही काम नाही.

शास्त्रात सैतानाची दोन कामे स्पष्ट दिसतात, मोह घालणे आणि दोष लावणे. पहिल्यावर तुमचे उपदेश भरपूर असतात. दुसऱ्यावर जवळजवळ नसतात. जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात यहोशवा हा मुख्य याजक मळकी वस्त्रे घालून उभा आहे आणि सैतान त्याच्या उजव्या हाताला दोष लावायला उभा आहे. वस्त्रे खरोखरच मळकी आहेत, म्हणजे आरोप अगदी हवेतला नाही. तरी परमेश्वर धमकावतो तो सैतानाला, आणि याजकाची वस्त्रे बदलायला सांगतो. प्रकटीकरण १२:१० मध्ये तर त्याला आपल्या बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा असेच म्हटले आहे.

हा फरक माणसाला शिकवता येतो आणि तो शिकवणे तुमचे काम आहे. पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते : अमुक दिवशी अमुक माणसाशी तू खोटे बोललास, जा, कबूल कर, भरपाई कर. तिच्यात पुढचे पाऊल असते आणि ते पाऊल टाकले की ती शांत होते. दोषारोप मोघम असतो : तू असाच आहेस, तू कधी सुधारणार नाहीस, देवाने तुला सोडले. त्यात कृत्याचे नाव नसते, वाट नसते, आणि कबुली दिल्यावरही तो थांबत नाही. छळलेल्या माणसाला कागदावर दोन रकाने आखून द्या आणि आठवडाभर मनात येणारे आरोप त्यांत लिहायला सांगा. बहुतेक आरोप कोणत्या रकान्यात पडतात, हे सातव्या दिवशी त्याचे त्यालाच दिसते.

आता तक्रारी. पहिली काळाबद्दल. एका रात्रीत निकाल लागलाच पाहिजे, हा हिशेब कुठून आला? प्रभू चाळीस दिवस अरण्यात होता, आणि लूक ४:१३ सांगते की सर्व परीक्षा संपवून सैतान 'संधी मिळेपर्यंत' त्याला सोडून गेला. खुद्द प्रभूच्या बाबतीत जो परत येण्याच्या बेताने गेला, तो तुमच्या सभेतून कायमचा गेला हे तुम्ही कशावरून जाहीर करता? दानीएलाची विनंती पहिल्याच दिवशी ऐकली गेली होती, तरी उत्तर घेऊन येणाऱ्याला एकवीस दिवस अडवून धरले होते. सैतानाचा दूत असा तो शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. पौलाचा विश्वास कमी पडला असे म्हणायची तुमची तयारी आहे का?

मत्तय १२:४३-४५ तर सुटकेच्या सेवेतल्या प्रत्येकाने पाठ करावे. अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन पाहतो, घर झाडलेले, सुशोभित आणि रिकामे असते, मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. घर झाडण्यात चूक झाली नव्हती. नंतर तिथे कोणी राहायला आले नाही, ही चूक. तुमची सेवा झाडण्यापाशी थांबते.

दुसरी तक्रार दोष देण्याबद्दल. ईयोबाचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्या सात दिवसांत त्यांचे काहीच चुकले नाही. तोंड उघडले आणि 'तू काहीतरी केले असशील' हे सुरू झाले, तिथून बिघडले, आणि शेवटी ४२:७ मध्ये परमेश्वराचा कोप त्यांच्यावर झाला. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले हे ईयोबाला शेवटपर्यंत सांगितलेले नाही. आपल्यावर का आले हे न कळताही माणूस देवाला धरून राहू शकतो, ही त्या पुस्तकाची साक्ष आहे. तुम्ही मात्र कारण सापडल्याशिवाय प्रार्थनाच करत नाही.

कारण पाप असूच शकत नाही, असे आम्ही म्हणत नाही. कधी असते. जादूटोण्याशी संबंध, वर्षानुवर्षे धरलेला द्वेष, लपवलेले अनैतिक नाते, या गोष्टी दाराची कडी काढून ठेवतात. मग ते एकांतात, नीट, नेमक्या प्रश्नांनी विचारा. उत्तर 'नाही' आले तर तिथे थांबा. पुन्हा पुन्हा उकरत बसलात तर छळलेला माणूस तुम्हाला बरे वाटावे म्हणून न केलेली पापेही कबूल करतो, आणि ती खोटी कबुली पुढे त्याच्याच गळ्यात पडते.

२ करिंथकरांस २ मध्ये पौल एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो : आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. आणि लगेच पुढे म्हणतो की सैतानाने आपल्याला ठकवू नये, त्याचे डाव आपल्याला ठाऊक आहेत. इथे सैतानाचा डाव कोणता? मंडळीचा लांबलेला कठोरपणा. हे वाक्य तुमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावण्याजोगे आहे.

तिसरी तक्रार आमच्या मते सर्वांत गंभीर आहे : एकटे पाडणे. 'पूर्ण मोकळे होईपर्यंत' म्हणून गायनातून काढले, रविवारच्या शाळेतून काढले, प्रार्थनागटात येऊ नका म्हणून सांगितले, 'ते इतरांना लागेल' अशी कुजबुज केली. थकलेल्या माणसाला जबाबदारीतून विश्रांती द्यावी, यात वाद नाही. विश्रांती आणि हकालपट्टी यांतला फरक त्या माणसाला बरोबर कळतो. काम काढून घेताना त्याच्याशेजारी बसायला कोणी दिले नसेल, तर ती हकालपट्टीच.

गर्जणाऱ्या सिंहाचे वचन तुम्ही नेहमी सांगता. १ पेत्र ५:८. त्या अध्यायाची पहिली तीन वचने पाहा. ती वडीलजनांना उद्देशून आहेत : तुमच्यामधल्या देवाच्या कळपाचे पालन करा, धनी असल्यासारखे करू नका. सिंह आठव्या वचनात येतो, मेंढपाळांची कानउघाडणी त्याच्याआधी होते. आणि नवव्या वचनात प्रतिकार कशाच्या बळावर करायचा? जगभरातल्या तुमच्या बंधुवर्गावर तीच दुःखे येत आहेत हे जाणून. सिंहाला हवे असते कळपापासून तुटलेले जनावर. ते तोडून देण्याचे काम मंडळीने का करावे?

इफिसकरांस ६ चेही तसेच. शस्त्रसामग्रीचे चित्र काढताना आपण एकटा शिपाई काढतो. मराठीत 'तुम्ही' आदराने एकालाही म्हणतात, त्यामुळे वाचताना फसायला होते. मूळ ग्रीकमध्ये तिथले सगळे 'तुम्ही' अनेकवचनी आहेत, पत्र अख्ख्या मंडळीला आहे. ढालीसाठी वापरलेला शब्द दार या अर्थाच्या शब्दावरून आला आहे : माणसाचा मोठा भाग झाकणारी रोमी ढाल, जी शेजाऱ्याच्या ढालीला भिडवून भिंत करता येत असे. आणि जळते बाण विझवणारी म्हणून जिचे वर्णन आहे ती हीच, विश्वासाची ढाल. ज्याचा हात दुखून खाली आला आहे त्याच्यासमोर शेजाऱ्याची ढाल सरकली पाहिजे. त्या उताऱ्यातला मुख्य हुकूमही हल्ला चढवण्याचा नाही. अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या वचनात एकच गोष्ट परत परत येते : उभे राहा, टिकून राहा. मोठ्याने ओरडणे म्हणजे सामर्थ्य, ही समजूत आपण कुठूनतरी उचलली आहे.

लूक २२:३१-३२ मात्र मराठीत फार स्वच्छ उतरले आहे. प्रभू पेत्राला म्हणतो : सैतानाने 'तुम्हांला' गव्हासारखे चाळायला मागितले, पण 'तुझा' विश्वास ढळू नये म्हणून मी 'तुझ्यासाठी' विनंती केली. हल्ला सगळ्यांवर, प्रार्थना एकेकाचे नाव घेऊन. पेत्र पडणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याला काढून टाकले नाही. वळल्यावर त्याने काय करायचे ते आधीच नेमून दिले : आपल्या भावांना स्थिर कर.

चौथी तक्रार औषधांबद्दल, आणि इथे शब्द मऊ करणे म्हणजे जिवाशी खेळ. "गोळ्या बंद करा, विश्वास धरा" हे वाक्य व्यासपीठावरून पुन्हा उच्चारले जाऊ नये. फेफऱ्याची औषधे एकदम थांबवली तर एकामागून एक झटके येऊन प्राण जाऊ शकतो. नैराश्यावरच्या गोळ्या झटक्यात सोडल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी, झोप उडणे सुरू होते. ती लक्षणे पाहून "बघा, सैतान चवताळला" असे म्हणणारे आपल्यातच आहेत. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याला उपास सांगितला तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. लिथियम घेणाऱ्याने पाणी तोडले तर रक्तात त्याचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. उपास-प्रार्थना सांगण्यापूर्वी "तुमची औषधे कोणती?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

झोपेत छातीवर कोणी बसले आहे, अंग हलत नाही, खोलीत कोणीतरी उभे आहे, हा अनुभव सांगणारे पुष्कळ येतात. ही बहुधा झोपेतली तात्पुरती जखडण असते : मेंदू जागा होतो, स्नायू अजून झोपलेले असतात. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते, झोप अपुरी पडली किंवा उताणे झोपले की जास्त होते. हे शांतपणे समजावले तर अर्धी भीती तिथेच जाते. मग प्रार्थना करा, जरूर करा. उदासी, निरुत्साह, झोप-भूक बिघडणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आईला भास होऊ लागले, ती विचित्र बोलू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे सभेची वाट पाहायची नाही.

मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती असे वेगवेगळे सांगितले आहेत, म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्याला हा फरक कळत होता. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हटले, विश्वासावरून टोचले नाही. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेत, कलम ११७२ नुसार, स्थानिक बिशपच्या खास परवानगीशिवाय कोणालाही भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि विधीपूर्वी हा आजार तर नाही ना याची खात्री करण्यावर त्यांची शिकवण भर देते. आपली परंपरा वेगळी असली तरी ही सावधगिरी घेण्यासारखी आहे.

साक्षीबद्दल थोडक्यात. सुटकेच्या आठच दिवसांनी माणसाला माइकसमोर उभे करू नका, त्याचे चित्रीकरण पसरवू नका. पुढच्या महिन्यात त्रास उलटला तर लाजेने तो तोंड दाखवत नाही. आणि 'प्रार्थनाविषय' म्हणून मोबाइलवरच्या गटांत त्याच्या कबुल्या फिरतात, हे तर विश्वासघातात मोडते.

आणि आपली उपासना. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळ नाही, तरी ते देवालाच उद्देशून आहे. आपण गातो फक्त विजयाची गीते. ज्याच्या घशातून ती निघत नाहीत त्याने उभे तरी कुठे राहायचे?

एवढे मागतो आहोत तर करायचे कसे, हेही सांगतो.

पहिली भेट दोघांनी घ्यावी, त्यातले एक त्या व्यक्तीच्याच लिंगाचे. तास-दीड तास मोकळा ठेवावा. आल्या आल्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनेला सुरुवात करू नये, आधी ऐकावे. विचारायचे ते साधे : हे कधीपासून? त्याआधी काय घडले, कोणी वारले का, मोठे आजारपण, बाळंतपण, की एखादी मोठी सेवा नुकतीच पार पडली? (एलीया कर्मेलावरच्या विजयानंतरच मरण मागत होता, पराभवानंतर नव्हे.) झोप किती तास? जेवण? औषधे? जादूटोणा, गंडेदोरे, मांत्रिक यांच्याशी कधी संबंध आला का? कोणाशी वैर? आणि शेवटी, आवाज न चढवता : जीव द्यावा असे मनात येते का? हा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आले, तर त्या रात्री त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही. घरातली विषारी औषधे, गोळ्यांचा साठा, दोर बाजूला करायचे, घरच्यांपैकी एका विश्वासू माणसाला सांगायचे आणि डॉक्टरांकडे सोबत जायचे. कोणाला न सांगण्याचे वचन इथे देऊ नये.

मग शरीर. रतामाच्या झुडपाखाली पडलेल्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न चाळीस दिवसांच्या वाटेनंतर, होरेबात आला. तोच क्रम पाळावा. हल्ल्याच्या काळात उपास नको, रात्रभराची जागरणे नकोत. उपास त्याच्यासाठी इतरांनी धरावा.

रोजचा नेम छोटा ठेवा. सकाळी एक स्तोत्र, मोठ्याने, आठवडाभर तेच. त्यानंतर प्रभूची प्रार्थना सावकाश, 'वाइटापासून सोडव' इथे क्षणभर थांबून. दहा मिनिटे पुरतात. दुपारसाठी खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर त्या व्यक्तीला छळणाऱ्या नेमक्या विचाराला उत्तर देणारे एकच वचन. 'देवाने मला सोडले' याला इब्री १३:५, 'मला क्षमा नाही' याला १ योहान १:९. अरण्यात प्रभूने हेच केले : तिन्ही वेळा 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतल्या वचनांनी उत्तर दिले, वाद घातला नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने आठ प्रकारच्या छळणाऱ्या विचारांसाठी अशी वचने निवडून ठेवली होती, त्यामुळे ही पद्धत नवी नाही. रात्री दिवसातले एखादे खरे पाप असेल तर त्याचे नाव घेऊन एकदा कबुली, आणि मग झोप. त्याच पापाची दुसऱ्यांदा कबुली नाही.

हा नेम बिघडतो कुठे, तेही लिहितो. सेवक उत्साहाने रोज दहा अध्याय सांगतो. चौथ्या दिवशी ते जमत नाहीत, आणि न जमणे हाच नवा दोषारोप होतो. दुसरे, नको असलेल्या देवनिंदेच्या विचारांशी प्रत्येक वेळी झुंज. येणाऱ्या प्रत्येक चित्राला 'येशूच्या नावाने निघून जा' म्हणत राहिले की दिवसातून शेकडो वेळा म्हणावे लागते आणि विचार आणखी चिकटतात. ते विचार नको आहेत, त्यांची किळस येते, म्हणजे ते तुमच्या इच्छेतून आलेले नाहीत. त्यांना जाऊ द्यायचे आणि स्तोत्राच्या ज्या ओळीवर होतो तिथे परत यायचे. त्यापायी हात धुणे, कबुल्या, तेच तेच विचारणे थांबतच नसेल, तर तो मनाच्या आजाराचा ओळखीचा प्रकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

या काळात मोठे निर्णय घेऊ देऊ नका. सेवेचा राजीनामा, मंडळी सोडणे, ठरलेले लग्न मोडणे, सगळे पुढे ढकला. कॅथलिक येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या नियमांत हे स्पष्ट आहे : मन उजाड असताना आधीचा निश्चय बदलू नये. त्यांनी आणखी एक ओळखले होते, की शत्रूला गुप्तता हवी असते आणि समजदार माणसाजवळ बोलून टाकले की त्याचा डाव फसतो. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, एकच माणूस. अधूनमधून येणारे दहा जण त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

त्या माणसालाही जोडीदार हवा. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर दोघे होते, आणि आधी त्याला बसायला दगड दिला होता. एकट्याने तीन-तीन माणसे सांभाळणारा सेवक काही महिन्यांत स्वतःच कोलमडतो, आणि बहुतेकदा ते तुमच्या लक्षात सर्वांत शेवटी येते.

तर आमच्या मागण्या अशा.

सुटकेसाठी पुढे आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी दोन सोबती नेमून द्यावेत आणि किमान तीन महिने साप्ताहिक भेट ठेवावी. तीन महिन्यांनी वडीलजनांनी स्वतः विचारपूस करून मुदत वाढवावी किंवा थांबवावी.

'सुटका झाली' अशी घोषणा आणि नवी साक्ष सहा महिने व्यासपीठावर आणू नये. चित्रीकरण नको.

औषध बंद करण्याचा सल्ला कोणत्याही सेवकाने देऊ नये. दिला तर तो सेवेतून थांबवला जावा. मनोविकारांच्या एका तज्ज्ञाला बोलावून सर्व प्रार्थनासेवकांना किमान एक दिवस शिकवावे.

जबाबदारीतून विश्रांती दिलेल्या व्यक्तीला संगतीतून आणि प्रभुभोजनातून वगळू नये. कबुलीत ऐकलेले बाहेर फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी.

महिन्यातून एका उपासनेत विलापाचे स्तोत्र वाचले जावे, पुढे लगेच विजयाचे गीत न जोडता. आणि १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ वर उपदेश व्हावा. तिथे अव्यवस्थितांना बोध, अल्पधीरांना धीर, अशक्तांना आधार असे तीन वेगळे उपाय आहेत आणि सहनशीलता सर्वांसाठी आहे. आपण तिघांनाही बोधच करत आलो.

यातले काहीही करायला पैसा लागत नाही. माणसे लागतात, आणि ती तुमच्या हाकेने येतील, आमच्या हाकेने तेवढी येत नाहीत. वडीलजनांची पुढची बैठक जेव्हा असेल, तेव्हा गेल्या वर्षभरात सुटकेसाठी पुढे आलेल्यांची यादी समोर घ्या. त्यांतले जे आता उपासनेला दिसत नाहीत त्यांच्या नावांपुढे, कोण कोणत्या वारी त्यांच्या घरी जाणार, ते तिथेच लिहा. पहिल्या भेटीला काय बोलावे हे सुचत नसेल, तर क्षमा मागा आणि बसून राहा. सोबत यायला आम्ही तयार आहोत.

प्रभूच्या सेवेत तुमचे,
तुमच्या मंडळ्यांतले प्रार्थनासेवक